बाकावरची बाई

ऑक्टोबर २००३. त्या शनिवारी रेणूला फक्त झोपायचं होतं. पण सासूबाई पुढच्या आठवड्यात नागपूरला परतणार होत्या, आणि सहा महिन्यांत त्यांनी फ्रीमाँटच्या टाउनहाउसबाहेरचं फारसं काही पाहिलं नव्हतं. रेणू आणि तिचा नवरा संजय सकाळी सातला बाहेर पडत, रात्री पार पिळून निघाल्यासारखे परतत. दिवसभर सुमित्राबाईंशी बोलायला चिटपाखरूही नसे.

"आज निवांत फिरू," संजय म्हणाला. डोंगरपायथ्याला तीन जुनी गावं होती, सोन्याच्या खाणींवर आलेल्या आयरिश लोकांनी वसवलेली.

पहिल्या गावात विटांचं चर्च होतं, समोर लाकडी फुटपाथ. सुमित्राबाई गुडघे चोळत चर्चजवळच्या बाकावर बसल्या. रेणू कॉफी घेऊन आली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"छान बाई भेटली गं. आत्ताच गेली. तिचीपण मुलं अशीच लांब निघून गेली म्हणे."

"तुम्हाला तिचं इंग्रजी कळलं?"

"इंग्रजी कशाला? मराठीच बोलत होती की."

रेणूने हसून सोडून दिलं. शंका काढत बसायलाही अंगात त्राण लागतं.

दुसरं गाव चाळीस मैलांवर. तिथल्या म्युझियमच्या काचेतून रेणूला अंगणातला बाक दिसला. सासूबाईंच्या शेजारी राखाडी शालीतली एक म्हातारी होती. दोघींची डोकी जवळ आलेली. रेणू बाहेर येईपर्यंत म्हातारी गेली होती. बाकापाशी ओल्या मातीचा वास होता. पाऊस तर मेपासून पडला नव्हता.

"तीच बाई," सुमित्राबाई म्हणाल्या. "आपल्या घराचं विचारत होती. खोल्या किती, दार कुठल्या बाजूला, आधी कोण उठतं. सगळं सांगितलं मी."

"आई, पुढचं गाव नको. घरी जाऊ."

"ती वाट बघेल गं. किती दिवसांनी कुणीतरी माझं ऐकून घेतलं."

रेणूने त्यांना हात देऊन गाडीकडे नेलं.

तिसऱ्या गावात बाक दफनभूमीला लागून होता. भर दुपारचं ऊन. संजय गाडीतच थांबला. रेणू टॉयलेटला जाऊन आली आणि पाच पावलांवर थबकली.

दोघी बसल्या होत्या. म्हातारी गप्प होती. सुमित्राबाई बोलत होत्या, खालच्या आवाजात, भरभर. त्यातला एकही शब्द मराठी नव्हता. इंग्रजीही नव्हता.

"आई!"

सुमित्राबाई ताडकन उठल्या. गुडघ्यांना हातही न लावता चालत गेल्या आणि गाडीत मागे बसल्या. रेणू घाईने पुढच्या सीटवर बसली.

"पाणी हवंय, आई?" संजयने वळून विचारलं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं, आणि नुसत्या हसल्या.

"दमलीय," तो म्हणाला. गाडी हलली.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला. थरथरता, ओळखीचा.

"रेणू, अगं, मला इथं ठेवून कुठं चाललीस?"

मागच्या सीटवर बटण दाबल्याचा आवाज झाला, आणि तिथली उघडी काच सावकाश वर गेली.