डॅशबोर्डमागचे गुंतवळ

वीज गेली होती आणि इतक्यात यायची लक्षणं नव्हती. गच्चीवर चटया टाकून भाचे कंपनी पसरली होती. कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं, तसे थोरले मामा खेकसले, "बंद कर ते!"

"मामा, गाण्यानं तुमचं काय घोडं मारलंय हो?" मोठी भाची म्हणाली.

"गाण्यानं नाही. गाडीतल्या गाण्यानं." मामांनी उशी पाठीशी घेतली. आयुष्यभर त्यांनी पंक्चरचं दुकान चालवलं होतं, हातांच्या रेषांतला काळा रंग अजून गेला नव्हता. "माझ्या शेजारच्या गाळ्यात एक फिटर होता. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. सांगतो. पण जेवण वर आलं तर मला बोलायचं नाही."

त्या फिटरला सगळी गल्ली करवत्या म्हणायची. गाड्यांमध्ये टेप आणि स्क्रीन बसवायचं त्याचं काम. खाली गाळा, वर घर. आता मोठा स्क्रीन बसवायचा तर त्या त्या गाडीच्या मापाची चौकट बाजारात मिळते. जुना टेप काढा, चौकट लावा, संपलं. पण करवत्याला ते बायकी काम वाटायचं. जसं काही बायकांची कामं आपोआपच होतात! तो पठ्ठ्या करवतीचं नुसतं पातं घ्यायचा, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळायचा आणि गाडीचा डॅशबोर्ड सरळ कापायला घ्यायचा. कापलेला तुकडा भिंतीवर खिळ्याला टांगायचा. शिकारी शिंगं टांगतात तसा.

दुसरी खोड याहून घाण. स्क्रीन खडखडू नये म्हणून मागच्या पोकळीत हाताला लागेल ते कोंबायचा. फडकं, स्पंज, एकदा तर स्वतःचा मोजा.

"धुतलेला?" धाकट्या भाच्यानं विचारलं.

"तू ओळखत नाहीस त्याला," मामा म्हणाले.

ती रात्र फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारची. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, करवत्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. नवरदेव सिमेंटचा व्यापारी, बिजवर, पण माणूस कसा, तर इस्त्रीच्या घडीतून काढल्यासारखा. हळू बोलायचा. बुटाला चिखल नाही, कॉलरला मळ नाही. पहिली बायको आजारात गेली असं त्यानं बघायला आला तेव्हाच सांगितलं होतं. "आधी तिचे केस गेले. मग ती गेली." एवढं बोलून रुमालानं डोळे टिपले. आणि मग धाकटीकडे बघून म्हणाला, "यांचे केस छान आहेत." धाकटीची वेणी कमरेच्या खाली जायची. घरच्यांना वाटलं, कौतुक आहे माणसाला.

मेल्याचं कौतुक!

लग्नाची भेट म्हणून करवत्यानं होणाऱ्या मेहुण्याच्या गाडीत मोठा स्क्रीन बसवून द्यायचं कबूल केलं होतं. सकाळी त्याच गाडीतून धाकटी सासरी जायची होती. मांडवाच्या धावपळीत काम मागं पडलं, आणि शेवटी रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून तो गाडीत बसला.

गाडी आतून लखलखत होती. डॅशबोर्डला लिंबाच्या वासाचं पॉलिश. त्यानं पट्टीनं कडा उचकटली, खटक्या सोडवल्या, जुना टेप ओढला. टेप येईना. आतून काहीतरी धरून होतं. जोर लावला तसा तो सुटला आणि त्याच्यामागून भसकन वास आला. लिंबाचा नव्हे. न धुतलेल्या डोक्याचा. खोबरेल तेल शिळं होऊन खवट झालं, त्यात घाम मिसळला की येतो, तसला.

करवत्यानं आत हात घातला. मऊ लागलं. उंदराचं घरटं, असं म्हणत त्यानं मूठभर बाहेर ओढलं आणि दिव्याखाली धरलं.

केस होते. बाईचे. काळे, सरळ, लांब. विंचरल्यावर फणीतले केस बायका बोटाला गुंडाळून गोळी करतात ना, गुंतवळ म्हणतात, ते. एक नाही. हात घालावा तितके. काही वाळलेले, काही चिकट. सगळे नीट, एकसारखे गुंडाळलेले.

त्याला शिसारी आली. हात पँटला पुसला, तर बोटांना तेल राहिलंच. त्यानं नवरदेवाला फोन लावला.

"दाजी, टेपच्या मागं केस निघालेत हो."

करवत्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाजी?"

"किती?" नवरदेवानं विचारलं.

काय केस, कुणाचे केस, असं नाही. किती!

"बरेच आहेत. पिशवी भरेल."

"आजारात गळायचे तिचे. उंदरांनी नेले असतील आत. राहू दे तिथंच, वरून स्क्रीन बसव. सकाळी गाडी हवीय मला." आवाज तसाच, इस्त्रीचा.

इथं करवत्याला कळायला हवं होतं. उंदीर कधी बोटाला केस गुंडाळतो? पण वर माणसं जमलेली, मांडव उभा, आईनं सगळ्यांना आवतणं दिलेली. उद्या लग्न, आज कुठं खुसपट काढा? आणि शिवाय त्याची ती खोड होतीच. पोकळीत काहीतरी कोंबायचं होतंच. त्यानं ते सगळे गुंतवळ उचलले आणि परत आत दाबून भरले. पॅकिंग म्हणून!

"शी!" भाची ओरडली.

"मी सांगितलं होतं," मामा म्हणाले.

मग त्यानं पातं घेतलं. मोठ्या स्क्रीनसाठी भोक वाढवायला खालची पट्टी कापायची होती. चर्र, चर्र. प्लॅस्टिकचा काळा भुगा मांडीवर पडत होता. निम्मं कापल्यावर भुगा ओला यायला लागला. पात्याच्या दातांत केस अडकून येत होते. तो ओढून फेकायचा, कापायचा. ओढून फेकायचा, कापायचा. तुकडा निघाला, तो त्यानं सवयीनं भिंतीवर टांगला. वायरी जोडल्या. स्क्रीन बसवला. दाबला. खटका लागला.

तो हात पुसायला वळला आणि मागं खट् झालं.

स्क्रीन बाहेर आला होता.

पुन्हा दाबला. पुन्हा खट्. आतून कुणी तळहात लावून ढकलावं, तसा.

त्यानं म्हटलं, भरलं जास्त. मूठभर गुंतवळ काढून खाली टाकले. दाबला. खट्. अजून काढले. पायाशी ढीग झाला, तरी आतली पोकळी भरलेली ती भरलेलीच.

तेवढ्यात स्पीकर वाजला. बाजूच्या सीटच्या दारातला. स्क्रीन बंद होता, बॅटरीची वायर सुटलेली होती. गाणं नव्हतं. फक्त... "स्स्."

डोक्याचा केस ओढला की माणूस दातातून श्वास घेतो ना? तो.

"स्स्..."

करवत्याला ओरडायचं होतं. तोंड उघडलं तर जिभेला काहीतरी लागलं. दोन बोटांनी धरून ओढलं. केस. ओढतोय, येतोय. ओढतोय, येतोय. घशातून. त्याच्या शेवटाला पांढरं काहीतरी चिकटलं होतं... तांदळाच्या कणीएवढं. आणि तोंडात खवट तेलाची चव.

तो दार उघडून गाळ्याच्या कोपऱ्यात ओकला.

"दादा? काय रे झालं?"

शटरखालून वाकून धाकटी आत आली होती. हातात त्याचा डबा. "सगळे जेवले, तू एकटाच राहिलास. आणि हे काय, उद्या माझं लग्न आणि आज ढोसून बसलास होय?"

"नाही गं. वर जा तू."

"जाते. आधी माझा स्क्रीन तर बघू दे!" ती हसत हसत गाडीत बसली. त्या बाजूच्या सीटवर. "अरे, हे तर भगदाड पाडून ठेवलंयस. तरी म्हटलं, करवत्याला काम दिलंय, गाडीला छत तरी राहील का..." मोबाइलचा उजेड आत टाकून ती वाकली. वेणी खांद्यावरून पुढं आली. भोकात गेली.

"अगं, ऊठ तिथून."

"थांब. अडकली."

"ओढू नकोस, आत पत्रा आहे."

"दादा..." तिचं हसू गेलं. "मी नाही ओढत."

वेणी आत चालली होती. सावकाश. बोटभर. अजून बोटभर. धाकटीचं डोकं डॅशबोर्डला टेकलं, गाल प्लॅस्टिकवर दाबला गेला. तिच्या दातातून आवाज आला.

"स्स्..."

करवत्यानं भोकात हात खुपसला. वेणी चाचपत गेला. शेवटाला पत्रा नव्हता. शेवटाला... बोट होतं. एकच. गार, तेलकट. वेणी त्याच्याभोवती गुंडाळली जात होती. घाई नव्हती. रोजचं काम असल्यासारखी. एक वेढा. दुसरा वेढा...

त्यानं वायर कापायची कात्री उचलली आणि बहिणीची वेणी मानेपाशी कापली.

उरलेली वेणी सळकन आत गेली.

मग काहीच नाही. कसलाही आवाज नाही.

धाकटी खाली बसली होती. मान चोळत, पायाशी पडलेल्या ढिगाकडे बघत. तिनं एक गुंतवळ उचलला. त्याला घाण वाटली होती, तिला वाटली नाही. तिनं तो दिव्याखाली उलगडला.

"दादा, कुणाचे?"

"त्यांच्या पहिल्या बायकोचे. आजारात गळायचे म्हणे."

"गळलेल्या केसांना कातडी येते?"

तो जवळ वाकला.

"बघ ना. हे उपटलेत. मुठीनं." तिनं दुसरा गुंतवळ उचलला. "गाडीत बसल्यावर उपटायचा तो. इथं, या सीटवर. आणि ती घरी पोचेपर्यंत बोटाला गुंडाळत बसायची. केस सांडले तर त्याची गाडी घाण होईल ना!" तिनं भिंतीवरच्या तुकड्याची टेपलगतची कड दाखवली, तिथं झिजून फट पडली होती. एक बोट जाईल एवढी. "इथून आत सरकवायची. आणि तू फोन केलास का त्याला?"

"केला."

"काय म्हणाला?"

"किती, म्हणाला."

धाकटी उठली. "मी या गाडीत बसणार नाही. आणि त्याच्या घरातही जाणार नाही. आईला तू सांगतोस की मी सांगू?"

सांगितलं त्यानंच. पहाटेपर्यंत घरात रडारड झाली. शेवटी वडील म्हणाले, लग्न मोडतो, पण बोभाटा नको. पोरीचं पुढं व्हायचंय. गल्लीला सांगायचं, मुलगी आजारी पडली. आणि ते केस? वडिलांनी ते पत्र्याच्या डब्यात घालून मागच्या बोळात जाळले. सगळ्या आळीला त्या धुराची मळमळ झाली. एका बाईनं आयुष्य घालून जमवलेला पुरावा, आणि या शहाण्यांनी घरची अब्रू राखायला त्याची राख केली. थू!

सकाळी नवरदेव आला. भांडला नाही, ओरडला नाही. गाडीतल्या भोकाकडे बघितलं. वाकून आत बघितलं. मग वर गॅलरीत उभ्या धाकटीकडे, तिच्या कापलेल्या केसांकडे बघून हळूच म्हणाला, "वाढतील परत."

आणि तसंच भगदाड घेऊन गाडी चालवत गेला.

मामा थांबले.

"मग?" धाकटा भाचा म्हणाला. "तो मेला का?"

"मरतोय कशाला. धडधाकट होता. पुढच्याच हिवाळ्यात दुसरं लग्न केलं त्यानं. लांबच्या गावची मुलगी, शाळेत शिकवायची."

"तिला सांगितलं कुणी?" मोठ्या भाचीनं विचारलं.

मामांनी चटईची एक काडी उपसली.

"मामा. करवत्याला माहीत होतं. त्याच्या वडिलांना माहीत होतं. धाकटी बोलायला तयार होती. त्या मुलीला कुणी सांगितलं का?"

"धाकटी दोनदा निघाली होती. घरच्यांनी अडवली."

"म्हणजे आपली वाचली, बास."

मामांनी उशी उगाच इकडची तिकडं केली. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे क्षणभर दिसले.

"त्यांच्या लग्नाला महिना झाला असेल," ते म्हणाले. "सकाळी मी दुकान उघडत होतो. करवत्या धावत आला. मला हाताला धरून त्याच्या गाळ्यात नेलं. भिंतीवर ते सगळे तुकडे टांगलेले. त्या गाडीचाही होता, वर्षभर कुणी हात लावला नव्हता, बोटभर धूळ. पण खिळ्यावर तो वाकडा झाला होता. मागून कुणी ढकलावा तसा... करवत्याला जवळ जाववेना. मीच उचलला."

"काय होतं?"

"गुंतवळ. एकच. नीट गुंडाळलेला."

"तिचा? पहिलीचा?"

"तिचे सरळ होते. काळेभोर. धाकटीचेही सरळच." मामांनी अंधारात आपली बोटं चोळली. अजून काही चिकटलेलं असावं तशी. "हे कुरळे होते. तांबूस.

"...आणि मुळाशी ओले."