एकोणीस बटणं

त्या माणसाच्या डोक्यावर मी खळीची अख्खी बादली ओतली, तेव्हा तो कोण, कुठला, मला काहीच माहीत नव्हतं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. मी खळ कालवून बादली बाहेर आणली, तर आमच्या लाँड्रीसमोरच्या फुटपाथवर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आणि एक ताडमाड मुलगा एकमेकांच्या कॉलरी धरून उभे. भोवती ही गर्दी. गर्दीत ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल.

"दात पाडीन!" मुलगी गरजली.

"पाडून दाखव!"

त्यांच्या सगळ्यात जवळ एक माणूस हाताची घडी घालून शांतपणे बघत होता.

"अहो, सोडवा ना!" मी ओरडले.

त्यानं घड्याळात पाहिलं. बस्स, माझं डोकंच फिरलं. बादली मी पोरांवर रिकामी करणार होते, पण तो ऐन वेळी मध्ये आला. सगळी खळ त्याला मिळाली.

पोरांनी ताबडतोब कॉलरी सोडल्या. मुलगी म्हणाली, "सर, मग आता नाटक थांबवायचं का?"

"नाटक?" मी रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"सराव होता," तो डोळे पुसत म्हणाला. "लोक मध्ये पडतात का, ते बघायचं होतं. चार मिनिटं दहा सेकंद झाली. माणसं थांबली त्रेचाळीस. मोबाईल निघाले एकवीस. सोडवायला कुणी आलं नाही... तुम्ही सोडून."

"मी कुठे सोडवलं? मी तर तुम्हाला—"

"हो. पण आलात."

पापणीवरून खळ ओघळत असताना इतकं नीट हसता येतं, हे मला नवीन होतं.

"खळ सांडलीस?" आतून आत्याचा आवाज आला. लाँड्री आत्याची. ती पावत्या लिहिते, मी धुणं, शिवणं आणि इस्त्री बघते. ती बाहेर आली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "उन्हात उभा करू नकोस त्याला. वाळला तर वाकायचा नाही."

दहा मिनिटांत तो खरंच कडक झाला. केस उभे, शर्टाचा पुठ्ठा. तशाच अवस्थेत त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. समोरच्या शाळेत मारामाऱ्या फार होत्या आणि त्या शाळा सुटल्यावर गल्लीपर्यंत येत होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याला तीन महिने दिले होते. त्यानं सहा मुलं निवडली होती. भांडण हातापर्यंत यायच्या आत यांच्यापैकी दोघं मध्ये जायची, भांडणाऱ्यांना जिन्याखालच्या टेबलाशी बसवायची. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ते ऐकून परत सांगायचं, मग पाळी बदलायची. मुलं त्याला समजूत सर म्हणत. गरजणाऱ्या मुलीला भोंगा आणि ताडमाड मुलाला खांब.

"आणि तीन महिन्यांत भांडणं कमी झाली नाहीत तर?" मी विचारलं.

"तर टेबल उचलायचं, आणि मलाही."

मी काहीतरी चेष्टा करणार होते. पण मला एक बारका मुलगा आठवला. दर सोमवारी तो एकटाच दुकानात यायचा. कॉलर फाटलेली, बटणं तुटलेली. "घरी सांगू नका हं ताई," म्हणायचा. मी मुकाट्यानं शिवून द्यायचे.

हे मी सरांना सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

"तुम्ही कुणाला बोलला होतात?"

"नाही."

मला वाटलं, आता हा उपदेश करणार. तो फक्त म्हणाला, "आता बोललात." आणि पुठ्ठ्याचा आवाज करत रस्ता ओलांडून गेला.

दुसऱ्या दिवशी तो खळीचा शर्ट धुवायला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी दुसरा. चौथ्या दिवशी आत्यानं शर्ट उलटासुलटा करून पाहिला.

"हा तर कालच धुऊन दिलाय."

"चहा सांडला."

"कुठे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीकडे. "अजून नाही सांडलेला... सांडणार आहे."

"मग सांडल्यावर या," आत्या म्हणाली.

तो अर्ध्या तासानं आला. शर्टावर चहाचा डाग होता, नेमका खिशाखाली, रुपयाएवढा गोल.

"काय नेम आहे!" मी म्हणाले.

"तुमच्यापेक्षा बरा."

वाफेमुळे इस्त्री करताना माझे गाल नेहमीच लाल होतात. त्या दिवशी इस्त्री बंद होती.

मग रोजचंच झालं. शाळा सुटली की तो काउंटरशी उभा राहायचा, आज काय काय मिटलं ते सांगायचा. डबा लपवल्याचं भांडण, टोपणनाव ठेवल्याचं भांडण, खिडकीशी कुणी बसायचं याचं भांडण. भोंगा पूर्वी शाळेत सगळ्यात जास्त मारामाऱ्या करायची. आता ती दोघांच्या मध्ये उभी राहून एवढ्या मोठ्यानं "शांत व्हा!" म्हणायची, की भांडणारे दचकून कशावरून भांडत होते तेच विसरायचे.

"तुमचं कुणाशी भांडण होत नाही?" मी एकदा विचारलं.

"होतं ना. रोज रात्री. तुमच्याशी."

"माझ्याशी? मी तर तिथे नसतेच."

"त्यावरूनच..."

पुढे काही नाही. जगाला बोलतं करणारा माणूस तिथे येऊन अडकायचा. मी वाट बघायचे. मग तो घसा खाकरून विचारायचा, "बरं, शर्ट कधी मिळेल?"

आत्या मात्र धुसफुसत होती. "शाळेची शिवणं आटली. बटणांचे दोन डबे तसेच पडून आहेत. या माणसानं आपल्या पोटावर पाय दिलाय आणि तू त्याला शर्टाची घडी दोनदा घालून देतेस."

"एकदा नीट बसली नव्हती."

"कोण? घडी की तू?"

तीन महिने संपायला चार दिवस उरले आणि तो शर्टाशिवाय आला. चेहरा पडलेला.

"रजिस्टरनं घात केला," तो म्हणाला. "तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या रजिस्टरमध्ये महिन्याला चार भांडणं होती. या महिन्यात एकतीस."

"वाढली?"

"पूर्वी कुणी सांगतच नव्हतं. आता मुलं शिवी दिली तरी येऊन सांगतात. आणि प्रत्येक भांडणाची नोंद झालीच पाहिजे, हा आग्रह माझाच. रजिस्टरला रकाना एकच, भांडण. शनिवारी मोठ्या बाई निर्णय देणार. चारचे एकतीस करणाऱ्या माणसाला कोण ठेवेल?"

तो गेला. मी इस्त्री टेकवून उभी राहिले. तेवढ्यात काउंटरवर एक शर्ट आला. तोच बारका. कॉलर धड. बटणं सगळी जागच्या जागी. खिशावर शाईचा डाग.

"पेन गळलं," तो म्हणाला. "घरी सांगितलंय."

मी आत्याची पावतीपुस्तकं ओढली. गिऱ्हाईक नंतर वाद घालतं म्हणून आत्या कपडा घेतानाच सगळं लिहून ठेवते: शर्ट पांढरा, कॉलर फाटकी, बटणं तीन नाहीत, डाग रक्त. मी रात्री जेवायच्या आधी फक्त शाळेचे शर्ट मोजून काढले. पहिल्या महिन्यात तुटलेली बटणं शहाऐंशी, दुसऱ्यात बावन्न, या महिन्यात एकोणीस. रक्ताचे डाग अकरा, सहा, एक. तो एक खांबाचा. दाराच्या चौकटीवर नाक आपटलं होतं.

शनिवारी आत्या म्हणाली, "पुस्तकं माझी. एकटी जाणार नाहीत." दुकानाला कुलूप लावून ती माझ्याबरोबर आली.

मोठ्या बाईंच्या खोलीत एका बाजूला सर, त्यांच्यामागे सहा मुलं रांगेत, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. बाईंनी पावत्या दहा मिनिटं न बोलता चाळल्या. वही पुढे ओढून आकडे स्वतः मोजले. शहाऐंशी, बावन्न, एकोणीस. बरोबर आले. त्यांचा चेहरा सैल झाला. सरांनी श्वास सोडला. मुलांनी एकमेकांना कोपरं मारली.

मग बाईंनी चष्मा काढला.

"एक विचारायचं राहिलं. या ताईंचा आणि तुमचा काही संबंध आहे का? नाही म्हणजे, असेल तर हा पुरावा मला धरता येणार नाही. उद्या कुणी म्हणेल, आपल्याच माणसाकडून आकडे आणले."

"नाही," मी पटकन म्हणाले.

खरं तेच होतं.

बाई सरांकडे बघत होत्या. सहा मुलंही बघत होती. या मुलांना तो तीन महिने एकच गोष्ट शिकवत होता, मनात असेल ते समोरच्याला सांगायचं. एक "नाही" म्हटलं की काम फत्ते होतं. म्हण ना, मी मनात म्हणत होते. आणि म्हणू नकोस, असंही.

"त्यांच्याकडून नाही," तो म्हणाला. "माझ्याकडून... आहे."

"कधीपासून?" बाईंनी पेन उचलत विचारलं. त्यांना सगळं नेमकं लागतं.

"पहिल्या दिवशी सव्वाअकरापासून."

"मी म्हटलं होतं ना!" भोंगा खांबाच्या कानात कुजबुजली. शेजारच्या वर्गातला फळ्यावरचा खडू थांबला.

"मग या पावत्या बाजूला ठेवाव्या लागतील," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्यांनी पुस्तकं मिटली.

"ठेवा," तो म्हणाला. "या मुलांसमोर खोटं बोललो असतो, तर ते टेबल मीच उचललं असतं."

मुलांच्या माना खाली गेल्या. माझीही. आणि तेवढ्यात खुर्ची करकरली. आत्या उठली होती.

"अहो बाई, जरा माझं ऐका. मला हा माणूस मुळीच आवडत नाही. लिहून घ्या."

बाई थबकल्या.

"लिहा ना. पावत्या माझ्या हातच्या आहेत, हिच्या नाहीत. अक्षर बघा. यानं माझं शिवणकाम बसवलं. याला इथून घालवलंत, तर माझ्याइतकं खूश या गल्लीत कुणी होणार नाही."

"म्हणजे सर गेले तर तुमचा फायदा?"

"शंभर टक्के."

"आणि तरी त्यांच्या बाजूनं बोलताय?"

"त्याची बाजू कशाला घेऊ?" आत्या फणकारली. "एक एवढंसं पोर दर सोमवारी फाटक्या कॉलरीनं माझ्या दाराशी यायचं. आता येतं ते शाई सांडून येतं. मी पावती खोटी लिहीत नाही, बाई. बावीस वर्षांत नाही लिहिली."

बाईंनी आत्याकडे पाहिलं. मग पुस्तकं पुन्हा उघडली.

"ही साक्ष चालेल," त्या म्हणाल्या. "एक वर्ष, सर. आणि रजिस्टरला दोन रकाने करा. हातापर्यंत गेलेली भांडणं वेगळी, त्याआधी मिटलेली वेगळी. हे आधीच सुचायला हवं होतं. तुम्हाला आणि मलाही."

मुलांनी केलेल्या आरडाओरड्याची नोंद कुठल्या रकान्यात झाली, ठाऊक नाही.

आत्या पुस्तकं छातीशी धरून पुढे निघून गेली. "मी दुकान उघडते," जाताना म्हणाली. "तू ये सावकाश. फार सावकाश नको."

फाटकाशी आम्ही दोघंच उरलो. तो बुटाच्या टोकानं खडा ढकलत होता.

"तुम्ही 'नाही' म्हणालात," तो म्हणाला.

"बाईंनी विचारलं, संबंध आहे का. नव्हता. तुम्ही मला काही बोललाच नव्हतात. तीन महिने नुसते शर्ट आणत होतात."

"आणि आता?"

"आता बोललात ना. सहा साक्षीदारांसमोर." मी त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर इस्त्रीकडे न्यायला इस्त्रीच नव्हती. "तर आता... माझ्याकडूनही आहे."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"ऐकलंत का?"

"ऐकलं," तो म्हणाला. "पुन्हा एकदा सांगाल?"

शाळेचं फाटक आणि आमचं दुकान यांच्यामध्ये एक रस्ता आहे, रुंदी अठरा पावलं. त्या दिवशी तो ओलांडायला आम्हाला पाऊण तास लागला.