मागे पसरलेला हात

राहू दे तो दिवा, बंद करू नका. आणि पोरांनो, मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मित्राच्या, एका पेंटरच्या बाबतीत घडलंय हे. गेल्या डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी.

लहान मुलांच्या दवाखान्यात नवी खोली झाली होती. सकाळी उद्घाटन आणि एक भिंत अजून कोरी. पेंटर संध्याकाळीच निघाला. घरी बायको तापानं फणफणली होती. “दहाच्या आत येतो,” तो म्हणाला.

“तुमचं दहा मला माहितीय,” ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. एकदा ब्रश हातात आला की या गृहस्थाला जगाचा विसर पडायचा. घरी काम करताना ती मागे बसायची. हा न बघताच हात मागे पसरायचा, “बारीक” म्हणायचा, की ती बारीक ब्रश हातात ठेवायची. वर्षानुवर्षांची सवय.

भिंतीवर जंगल उतरायला लागलं. पानामागून पान. तहान नाही, भूक नाही. त्यानं हात मागे केला. “बारीक.” ब्रश आला. “पाणी.” पाण्याचा डबा आला. रंग असा काही लागत होता की विचारू नका! एकदा बोटं बोटांना लागली.

“हात किती गार पडलेत गं तुझे,” तो म्हणाला. “शाल घे.” आणि पुढचं पान काढायला लागला.

पान अर्धं झालं... आणि ब्रश थांबला.

ती घरी होती. तापात. एकटी.

हात मागे पसरलेलाच. खोलीत आवाज नाही. मान वळवायची हिंमत नाही... तळहातावर अलगद काहीतरी टेकलं.

ब्रश पुसायचं फडकं.

तो पळत सुटला. अडीच वाजले होते. रस्ताभर फोन लावला. वाजत राहिला... कुणी उचलेना. ती गेली, म्हणूनच तिथे आली; एकटं टाकून आपण तिला मारलं, एवढंच डोक्यात.

घरात दिवा चालू. ती पलंगावर. डोळे मिटलेले. त्यानं हाक मारली... पुन्हा मारली...

“ओरडताय काय?” ती म्हणाली. “आत्ता कुठे डोळा लागला होता. ताप उतरला बघा.”

तो ढसाढसा रडला.

“अहो, झालं काय? रात्रभर उशाशी बसून पट्ट्या तर बदलत होतात! मला डोळे उघडवत नव्हते, पण तुम्ही एक शब्द बोलाल तर शपथ.”

पेंटरनं तिच्या कपाळावरची पट्टी उचलली. खाली हिरव्या रंगाची बोटं उमटली होती. ओली. त्यानं आपली बोटं त्यांवर ठेवून पाहिली.

ती हिरवी बोटं पुरती झाकली गेली. इतकी लहान होती.