पन्नास खडे भरले की

बस या स्टुलावर. डगमगणार नाही, सुताराच्या हातचं आहे. माणूस कसाही निघाला तरी काम चोख होतं त्याचं.

मी पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचो. टाकी कसली, उघडं तळंच ते, दगडी काठाचं. वर यायला एकच जिना आणि काठावरून गोल फिरणारी फरशीची वाट. सुतार आणि त्याची बायको रोज तिथे पळायला यायची. ती दवाखान्यात नर्स. लांब पल्ल्याच्या शर्यतींचं दोघांना वेड. अंगाला ऊन सोसावं म्हणून मुद्दाम भर दुपारी पळायची.

मला लिहिता येत नाही, पण मोजता येतं. जिन्याच्या तोंडाशी मी दोन डबे घेऊन बसायचो. रंगाचा डबा त्याचा, बिस्किटांचा तिचा. एक फेरा झाला की एक खडा. दोघांचे पन्नास भरले की दोघं माझ्या माठातलं पाणी प्यायची. तोवर पाण्याला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम.

तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उन्हात सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं दिसायचं. मी मोजायचो पावलांवरून. त्याचं पाऊल जड, धप धप. तिचा डावा पाय जुन्या दुखण्याने थोडा घासायचा. टप-घस्, टप-घस्. गुडघ्याला मलम चोळून यायची, त्याचा वास आधी यायचा, मग पाऊल.

त्या दुपारी मी पंपाला ग्रीस लावून हात पुसत होतो, तेवढ्यात दोघं आली.

"बाबा, डोळ्यांत औषध घातलं का?" तिने विचारलं.

"राहिलं बघ, पोरी."

"राहिलंच असणार. मान वर करा." तिने थेंब घातले. मग हसून म्हणाली, "आज नीट मोजा हं. ह्यांचा डबा मोठा आहे, पण खडे माझ्याच डब्यात पडणार आहेत."

"तोंड चालवतेस तेवढे पाय चालव," सुतार म्हणाला. तो हसला नाही.

मोठ्या शर्यतीला दोघांपैकी एकालाच जागा मिळाली होती. आज पन्नास फेरे जो आधी पुरे करील तो जाणार, असं ठरलं होतं. सुतार सात वर्षं त्या एका शर्यतीसाठी झिजत होता. तिला पळायला त्यानेच शिकवलं होतं.

तीस फेऱ्यांपर्यंत सगळं ठीक. ती हळूहळू जवळजवळ एक अख्खा फेरा पुढे गेली होती, आता मागून येऊन त्याला गाठणार होती. तिचा एकतिसावा खडा पडला. थोड्या वेळाने तळ्याच्या पलीकडून आवाज आला. कच्ची वीट फुटावी तसा. मग पाण्यात काहीतरी पडलं. मोठं. मागोमाग एक लहान.

सुतार एकटाच आला. धप धप.

"पोरगी कुठे राहिली?"

"बसलीये पलीकडे. पायात गोळा आलाय."

"पाणी नेऊन देऊ?"

"काही नको. टाका माझा खडा."

मी टाकला. तो गेला. मी उठावं की बसावं, या विचारात होतो, तोच ऐकू आलं. टप-घस्. टप-घस्. मला बरं वाटलं. म्हटलं, बरी झाली पोर. माझ्या पुढून गेली. वास मात्र मलमाचा नव्हता. गंजलेल्या ओल्या पाइपाचा होता. मी खडा टाकला.

सुताराचा एक फेरा होईपर्यंत ती आणखी तीनदा गेली. पुढच्या फेऱ्यात सहादा. मी मोजत राहिलो. मोजणाऱ्याने मध्येच थांबू नये.

तो आला तेव्हा डबा नुकताच वाजला होता.

"हा… कुणाचा वाजला?"

"तिचा. एकेचाळीस झाले. तुझे तेहतीस होतायत."

त्याने माझा गळा धरला. डोकं मागच्या भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. माझ्या कानामागून गरम ओघळ आला.

"थट्टा करतोस, म्हाताऱ्या? ती नाहीये… ती कशी येईल?"

त्याने माझा हात फरशीवर दाबला आणि बोटांवर टाच दिली. दोन बोटं मोडली. हे बघ, अजून वळत नाहीत. "आता टाक खडा," तो म्हणाला.

मी टाकला नाही. टाकणार कशाने? टप-घस् करत पावलं आमच्या दोघांमधून गेली आणि डबा आपोआप वाजला. टण्.

सुताराचा हात सुटला. जिना तिथेच होता, चार पावलांवर. खाली उतरला असता तर कदाचित वाचला असता. पण त्याने विचारलं, "बेचाळीस?" आणि तो पळत सुटला, पुढच्या फेऱ्याला. हरणं त्याला अजूनही सोसत नव्हतं बघ.

डबा वाजत राहिला. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. पन्नास.

पावलं माझ्यासमोर थांबली. पाणी ठिबकत होतं. ओलं, गार बोट माझ्या पापणीला लागलं.

"बाबा… औषध घातलं ना?"

"घातलं, पोरी," मी म्हणालो. "सकाळी… तूच…" दुपार होती तरी तोंडातून सकाळच आली.

मग ती उलट्या दिशेने निघाली. तो येत होता तिकडे. पलीकडे तो एकदाच म्हणाला, "नको." आणि पुन्हा वीट फुटली.

ती पंपाच्या पाण्यातल्या जाळीला अडकलेली सापडली. डोकं फुटलेलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या घावातच गेली होती. तो वाटेवर पडला होता, तसाच, त्याच जागी फुटलेला. शेजारी दगड होता. पोलीस तासाभराने आले, तेवढ्या उन्हातही दगड ओला होता. मला चार दिवस विचारलं. अधू डोळ्यांनी आणि मोडक्या हाताने मी तो दगड उचलून मारूच शकत नव्हतो, म्हणून सोडलं.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता मला लख्ख दिसतं. ते दोन डबे माझ्याकडेच आहेत, त्या कोनाड्यात. तिच्या डब्यात पन्नास आहेत, तेवढेच राहतात. त्याच्या डब्यात मी तेहतिसावाही टाकला नव्हता. बत्तीसच होते.

काल मोजले. सत्तेचाळीस आहेत.

तू विचारत होतास ना, एकटा माणूस आणि माठावर दोन पेले कशाला?