मोकळा चौकोन

देवकी निखाडे यांना शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता नोकरीवरून काढून टाकण्यात आलं. पत्रावर सही होती, शिक्काही होता.

असं पत्र कधी निघालंच नाही, अशी आता गिरीपुंजे कंट्रोल्स, सक्करदरा, यांची अधिकृत भूमिका आहे. तेव्हा वरचा परिच्छेद वाचकांनी वाचलेला नाही. गोष्ट त्याच दिवशी दुपारी दोन वाजता सुरू होते.

दोन वाजता महाल भागातल्या हिमानी डहाकेच्या ऑफिसात एक गृहस्थ शिरले. कपाळावर संत्र्याएवढं टेंगूळ होतं. ते संत्र्यानंच आलं होतं.

"मी ओमप्रकाश गिरीपुंजे," ते म्हणाले आणि पुरावा म्हणून टेबलावर एक स्टिकर चिकटवला. 'ओमप्रकाश गिरीपुंजे, संस्थापक.' "माह्या कंपनीत घात झाला, मॅडम."

हिमानी खासगी तपासाची कामं करायची. नव्वद टक्के कामं लग्नाआधीच्या चौकशीची, त्यामुळे माणसं खोटं कधी बोलतात हे तिला पाठ होतं. मदतीला तिचे चंद्रभानमामा. बत्तीस वर्षं सिटी बस चालवून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीकडे ते वळण आल्यासारखे, वेग कमी करून पाहत.

"काय झालं ते सांगा."

"आम्ही संत्री निवडायचं मशीन बनवून राहिलो. चांगलं संत्रं उजवीकडं, सडकं डावीकडं. काल कळमन्याच्या बाजारात अडत्यांसमोर चालवलं. त्यानं एकेक चांगलं संत्रं सडकं म्हणून फेकलं. आणि इतक्या जोरानं फेकलं, की..." त्यांनी टेंगूळ दाखवलं.

"मशीन बिघडलं असेल," मामा म्हणाले.

"मशीन ठीक आहे. त्यातला सर्किट बोर्ड बिघडवला. बोर्डावर तांब्याच्या वाटा असतात ना, ट्रॅक म्हणतात, त्या आमच्याकडं बावीस वर्षं देवकीताई हातानं आखतात. या वेळी पहिल्यांदा सॉफ्टवेअरनं आखल्या. ऑटोराउटर. स्वतःच रस्ता शोधते, स्वतःच वळते! मी तर माऊसले हात नाही लावत, नुसतं पाहत बसतो. ते चुकूच शकत नाही. देवकीताईनं जळून त्यात काही तरी केलं. सहा वाजता त्यांना पत्र देऊन राहिलो. तुम्ही फक्त पुरावा द्या."

म्हणजे शिक्षा ठरली होती, गुन्हा शोधायचा होता. हिमानीनं पर्स उचलली.

सक्करदऱ्याला निघाल्यावर हिमानीनं मोबाइलवर नकाशा लावला. स्कूटर मामा चालवत होते. नकाशातल्या बाईचा आवाज आला, की मामांचा चेहरा पडायचा.

"हे पाह्य, सरळ रस्ता सोडून फिरवून राहिली! मले इचारलं असतं, तर पाच मिनिटं लागली असती."

"ती रस्ता बंद दाखवते, मामा."

"परवा तिथं लग्नाचा मांडव होता, म्हणून कोणी तरी तिले 'बंद' सांगून ठेवलं. मांडव कालच उठला. पण हिले कोण सांगणार?"

"मांडववाल्यानं विनाकारण अख्खं गाव फिरवलं म्हणा."

"त्याले काय गावाशी घेणं वं? त्याले जेवणाची पंगत बसवाले जागा पाहिजे होती."

हिमानीनं नकाशा बंद केला. मामांना वाटलं, भाची रागावली.

गिरीपुंजे कंट्रोल्सच्या कुलरवर स्टिकर होता. पंख्यावर होता. ज्या ग्लासातून पाणी दिलं, त्याच्या तळाशीही होता. भिंतीवर 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' या पाटीखाली कॉम्प्युटरचा फोटो होता. फोटोला हार घातल्यामुळे तो कॉम्प्युटर वारला असावा, असं वाटत होतं.

अंकित चाफले हा तरुण इंजिनिअर फोटोकडे पाठ करून बसला होता.

"ऑटोराउटर कोणी आणला?" हिमानीनं विचारलं.

"मी. सहा महिने साहेबांच्या मागं लागून. नियम मी भरले, भाग मी मांडले, बटण मी दाबलं. हार कोणाले? त्याले." अंकितनं बोर्ड पुढे सरकवला. "आणि आता फेल झालं, तर लोक माह्याकडं पाहतात."

हिरव्या बोर्डावर ट्रॅकची दाट जाळी होती. फक्त मधोमध एक आयताकृती मोकळी जागा होती. तिथं एकही ट्रॅक नव्हता. नुसती बारीक पांढऱ्या चौकटींची एक ओळ छापलेली होती.

"या चौकटी कसल्या?"

"छापणाऱ्याची काही खूण असेल. खरी भानगड त्या मोकळ्या जागेची आहे. जिथं तांबं नको, तिथं आपण सॉफ्टवेअरमधे चौकोन काढून ठेवतो. मग काही झालं, तरी ते तिथं पाय ठेवत नाही. इथं चौकोन होता, म्हणून मोटरचा जाडा ट्रॅक फिरून गेला आणि सेन्सरच्या नाजूक ट्रॅकले चिकटून चालला. मोटर हलली, की सेन्सर गांगरतो. चांगलं संत्रं त्याले सडकं दिसते."

"चौकोन तुम्ही काढला नाही?"

"नाही. मी सोमवारी चालवलं, वीस मिनिटांत झालं, तेव्हा मधे अशी मोकळी जागा नव्हती. मंगळवारी कंपनीले सुट्टी, मी कळमन्यात मशीन बसवत होतो. बुधवारी साहेबांनी स्वतः फाइल अर्जंट छापाले नेऊन दिली, काल सकाळी बोर्ड हातात आला. मधे कोणी काय केलं, ते देवकीताईलेच इचारा."

"तुम्हाला त्या सॉफ्टवेअरचा राग येतो?"

"मॅडम, माह्या आईनं माह्या फोटोले अजून हार नाही घातला."

"बरंच आहे ते," मामा म्हणाले.

देवकीताई खिडकीजवळ बसल्या होत्या. टेबलावर भिंग, पट्टी आणि जुने बोर्ड ओळीनं लावलेले.

"जळते ना मी," त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. "काहून नाही जळणार? मी तीन दिवस डोकं लावते, ते वीस मिनिटांत उरकते, वरून चहा पण मागत नाही. ते पडावं म्हणून मी कोराडीच्या देवीले नवससुद्धा बोलली."

मामांनी हिमानीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"चौकोन काढला?"

"नवस बोलली म्हटलं ना. मग चौकोन कशाले काढू? देवीवर भरवसा नाही का मले?" त्यांनी पदरानं भिंग पुसलं. "मंगळवारी मी मौद्याले होती, बहिणीच्या नातीचं बारसं होतं. बावीस वर्षांत मी एक ट्रॅक वाकडा नाही पाडला, पोरी. दुसऱ्याच्या बोर्डात पाडीन? ही खुर्ची गेली, तर मले दुसरं काही येत नाही."

हिमानीनं एक जुना बोर्ड भिंगाखाली धरला. कोपऱ्यात तांब्याचं पाच पाकळ्यांचं फूल होतं, मोहरीएवढं.

"हे काय?"

देवकीताई पहिल्यांदा हसल्या. "माही खूण. प्रत्येक बोर्डावर आहे. आधी जागा नाही धरायची. सगळे ट्रॅक पोचले, की जिथं काहीच जाणार नसते, तिथं फूल."

"कोणाला माहीत आहे?"

"कोणालेच नव्हतं. मागच्या महिन्यात साहेबांनी सहज भिंग लावलं अन् दिसलं. सगळे जुने बोर्ड काढून पाहत बसले. तेव्हापासून बोलत नाहीत माह्याशी."

मालकांच्या पत्नी रीनावहिनी मागच्या खोलीत हिशेबाच्या चोपड्यांऐवजी रिकामा डबा समोर ठेवून बसल्या होत्या.

"करायचं असतं, तर मीच त्या कॉम्प्युटरचं वायर उपटलं असतं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी सुट्टी. म्हटलं, फुटाळ्याच्या तलावावर जाऊ. तर हे चार घंटे त्याच्यासमोर! ते रेघा ओढते, हे पाहतात. डबा पाठवला, तो तसाच परत आला. लग्नात माह्याकडं असं नाही पाहिलं, बाई."

"चार तास? नक्की?"

"एकेक मिनिट मोजलं मी."

बाहेर आल्यावर मामा कुजबुजले, "वहिनीच. नाही तर देवी. दोघींतली एक."

"मामा, केस तुम्हीच सोडवली आहे," हिमानी म्हणाली. "मांडवापाशी."

साडेपाच वाजता सगळे टेबलाभोवती जमले. ओमप्रकाशजींच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं.

"मिळाला पुरावा?"

"मिळाला. एक स्टिकर द्या."

त्यांनी आनंदानं दिला. हिमानीनं तो बोर्डावरच्या मोकळ्या जागेवर ठेवला. चारही कडा जुळल्या.

अंकितनं मान पुढे काढून पाहिलं.

"आपण सगळे विचारत होतो, वाट कोणाला अडवायची होती," हिमानी म्हणाली. "देवकीताई जळतात, अंकित जळतो, वहिनी जळतात. तिघंही उघड सांगतात. पण मांडव घालणाऱ्याला वाट अडवायची नसते. त्याला जागा हवी असते. वाट आपोआप अडते. मग प्रश्न असा, की या बोर्डावर जागा कोणाला हवी होती?"

"माह्यावर घेऊ नका! मी माऊसले हात..."

"सोमवारी वीस मिनिटांत झालेलं काम मंगळवारी चार तास चाललं, असं वहिनी सांगतात. मधली वाट बंद असेल, तरच सॉफ्टवेअरला इतकं फिरावं लागतं. म्हणजे ते मंगळवारी, चौकोन काढून, पुन्हा चालवलं गेलं. त्या दिवशी अंकित कळमन्यात, ताई मौद्याला. कॉम्प्युटरसमोर तुम्ही होतात. आणि बुधवारी तीच फाइल तुम्ही नेऊन दिलीत. अंकित, यात मराठीत काही टाइप कर."

अंकितनं 'मामा' असं टाइप केलं. पडद्यावर पांढऱ्या रिकाम्या चौकटी उमटल्या. बोर्डावर होत्या तशाच.

"हे मराठी ओळखत नाही," अंकित पुटपुटला. "बोर्ड पाहून डोक्यातच नाही आलं. हे मले अन् ताईले माहीत आहे. म्हणून आम्ही कधी..."

"म्हणून तुम्ही दोघं कधीच मराठीत टाइप केलं नसतं. वहिनींनी सॉफ्टवेअरला हात लावला असता, तर वायर उपटायला. या खोलीत स्वतःचं नाव मराठीत, या मापात, प्रत्येक वस्तूवर लावणारा माणूस एकच आहे."

ओमप्रकाशजी खाली बसले. खुर्चीच्या पाठीवर त्यांचंच नाव होतं.

"मी फक्त जागा धरली," ते बारीक आवाजात म्हणाले. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तशी. त्या चौकटी दिसल्या, तर वाटलं, छापून आल्यावर नाव उमटेल. बावीस वर्षं, मॅडम! माहं नाव पॅकिंगच्या डब्यावर. डबा फेकून देतात लोक. अन् आत, जिथं खरं काम चालते, तिथं यांचं फूल! प्रत्येक बोर्डावर! माह्या कंपनीत!"

"म्हणजे," मामा सावकाश वळण घेत म्हणाले, "यांनी स्वतःच घात केला, अन् तो शोधाले आपल्याले बोलावलं?"

"त्यांना माहीतच नव्हतं, मामा. रुमाल टाकणाऱ्याला कधी वाटतं का, की त्यानं बस अडवली?"

घड्याळात सहा वाजले. पत्र द्यायला ओमप्रकाशजींनी सहाचा गजर लावून ठेवला होता. गजर झाला, तसा आपोआप त्यांचा हात खिशात गेला आणि पाकीट देवकीताईंपुढे आलं. मग आपण काय केलं, ते त्यांच्या लक्षात आलं.

देवकीताईंनी पत्र पूर्ण वाचलं. शिक्का भिंगाखाली पाहिला. मग ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं नव्या बोर्डाचं माप लिहिलं.

"अंकित, तो चौकोन पूस अन् चालव," त्या म्हणाल्या. "सेन्सरच्या ट्रॅकले मी हातानं आखते, बाकीचं तुह्या त्या गड्याले करू दे. अन् तो हार काढ गा त्याच्या फोटोवरचा. जिता माणूस, सॉरी, जितं सॉफ्टवेअर आहे ते."

दहा दिवसांनी कळमन्यात मशीननं चांगली संत्री उजवीकडे आणि सडकी डावीकडे टाकली. एक सडकं ओमप्रकाशजींच्या दिशेनं गेलं, पण तो योगायोग होता. बोर्डाच्या कोपऱ्यात मोहरीएवढं फूल होतं. पहिल्या वेळी सॉफ्टवेअर पडलं, म्हणजे देवकीताईंचा नवसही फळला होता, त्यामुळे त्या कोराडीला जाऊन तो फेडून आल्या.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर एक कागद होता. तो अजून तिथंच, भिंगाखाली दाबलेला आहे.

*प्रति,*
*श्रीमती देवकी निखाडे,*
*बोर्ड विभाग, गिरीपुंजे कंट्रोल्स, सक्करदरा.*

*विषय: फुलाची एक (१) पाकळी अर्जदाराच्या नावे करून मिळणेबाबत.*

*महोदया,*

*उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार हा सदर कंपनीचा संस्थापक असून त्याचे नाव बोर्डाच्या आतील भागात आजतागायत कोठेही नाही. तरी यापुढील प्रत्येक बोर्डावरील पाच पाकळ्यांपैकी कोणतीही एक पाकळी अर्जदाराची समजण्यात यावी. पाकळीवर नाव नसले तरी चालेल. आकार वाढवू नये. जागा आधी धरण्यात येणार नाही. फक्त ती पाकळी कोणती, एवढे अर्जदारास खासगीत कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.*

*आपला विश्वासू,*
*ओमप्रकाश गिरीपुंजे*

*सोबत: स्टिकर, नग एक.*