हिमनदीजवळ हळू बोलायचं

टोपीत हात घालून त्यानं नेमका माझाच पोवळ्याचा मणी बाहेर काढला.

पाहुण्याला वर कुणी न्यायचं, यावरून भांडणं नकोत म्हणून आम्ही खेचरवाल्या आपली एकेक वस्तू टोपीत टाकतो. जिची निघेल, तिचा पाहुणा.

"मणी देखणा आहे," तो म्हणाला. "आणि मालकीणही—"

"मालकीण चावते. खेचर त्याहून जास्त."

त्याचं नाव जूनवेई. शहरातल्या कंपनीला हिमनदीला खेटून, बर्फ बघायला लोखंडी सज्जा बांधायचा होता. त्याची जागा ठरवून लाल खूण करायला तो आलेला. पाहुणे दुप्पट येणार म्हणून अर्धं गाव खूश. उरलेल्या अर्ध्यात माझे वडील, आपा. देवाच्या बर्फात खांब रोवले तर पाणी रुसेल, शेतं सुकतील, म्हणायचे.

झाडीतून बाहेर आलो आणि बर्फ दिसताच तो ओरडला, "अबब!"

मी त्याच्या तोंडावर हातच ठेवला. "इथं हळू बोलायचं. आवाजानं बर्फ सुटतो."

मग काय... ऐकू यायला जवळ बसणं आलं. मी अक्रोड फोडून दिले. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

"रोज येतेस? कंटाळत नाहीस?"

"अजून पाहून झालं नाही."

तेवढ्यात समोरचा देवळाएवढा निळा कडा हलला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग छातीत गडगडलं, आणि पांढरी धूळ आमच्या पापण्यांवर येऊन बसली. त्याचा हात माझ्या हातात होता — कुणी कुणाचा धरला, ठाऊक नाही.

तो कुजबुजला, "यात खांब कुठे रोवू गं मी?"

मी अक्रोडाची टरफलं गोळा केली. ते त्याचं त्यानंच ठरवायचं होतं.

रंगाचा डबा न उघडताच तो उतरला. पार खाली, वाटेवरच्या देवळाजवळच्या खडकावर त्यानं लाल रेघ ओढली.

"तुला कामावरून काढतील," मी म्हटलं.

"काढू देत. तुमच्याकडे माणूस लागतो का एखादा?"

माझे कान तापले. "आपांना विचार."

पडत्या कड्याखाली माणसं उभी करणार नाही, असं त्यानं साहेबाला तोंडावर सांगितलं. सज्जा त्या रेघेवरच झाला. नोकरी मात्र गेली.

अक्रोडांना पालवी फुटली तेव्हा तो वळकटी घेऊन दारात उभा. आपांनी वाटीत लोण्याचा चहा दिला. तो एका दमात प्यायला.

"काय येतं रे तुला?"

"शिकेन ते."

आपांनी माझ्याकडे पाहिलं.

"वाटी रिकामी झाली त्याची," मी म्हटलं. "भरा ना, आपा."