कातड्यावर उरलेलं पाणी

पोलादपूरच्या वेशीबाहेर शेठजींच्या खासगी विमानासाठी पेट्रोलचं कोठार होतं. दासगाव बंदरावर उतरलेले डबे महिपत गाडीवान पेंढ्यात बसवून, ओल्या गोणपाटाखाली झाकून आणायचा. विमानात भरण्याआधी प्रत्येक डबा नरसाळ्यात बसवलेल्या मऊ कातड्यातून गाळावा लागे. पेट्रोल खाली उतरतं, पाणी वर राहतं. बाबांनी हे काम सहा वर्षं सांभाळलं.

१९३४च्या मार्गशीर्षात बाबा डबे आणायला दासगावला गेले असताना शेठजी घाईत आले. बाबांचे मदतनीस कमलाकरकाका यांनी न गाळताच पेट्रोल भरलं. पाण्याने इंजिन हवेतच बंद पडलं, विमान कोसळून शेठजी गेले. काका बाबांना दादा म्हणत. चौकशीत म्हणाले, "पेट्रोल दादांनीच जाण्याआधी भरून ठेवलं होतं." पुढच्या श्रावणात बाबा सावित्री नदीच्या डोहात सापडले.

कोठार आता काकांकडे आहे, विमान शेठजींच्या मुलाचं. खरं काय ते काकांकडून लिहून घ्यायला मी भर दुपारी महिपतच्या गाडीतून गेले.

"डबे सीलबंद हायत, ताय. तरी पानी निघतं," महिपत म्हणाला. "कमळाकरभाऊ म्हनतात, तू बैलांसंगं डबे बी पान्यावर नेतोस."

काका कोठारात गाळत बसले होते. माझ्यासमोर त्यांनी सील फोडलं. कातड्यावर वाटीभर पाणी उरलं. दुसऱ्या डब्यातून तांब्याभर. त्याला शेवाळाचा वास होता. तिसऱ्या डब्याचं खाली थेंबभरही उतरलं नाही.

"आधी नुसते थेंब असायचे," काका म्हणाले. "सरोज, तू शिकलेली. सांग, हे येतं कुठून?"

मी कागद पुढे केला. "सही करा, काका."

"दादा तर गेले. मला चार लेकरं आहेत."

"त्यांनी तुम्हाला धाकटा भाऊ मानलं होतं."

"म्हणूनच म्हणतो. ते असते तर त्यांनीच सांभाळून घेतलं असतं मला."

कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला.

विडी ओढायची जागा कोठारापासून शंभर पावलांवर, जांभळीखाली. तिथल्या माठातून काकांनी तांब्या भरला आणि मान वर करून घटाघटा प्यायले. सदऱ्यावर सांडलं, कातळावर सांडलं.

कातळावरचा ओघळ बघता बघता उडून गेला. वास पेट्रोलचा होता.

काकांना तो आला नाही. त्यांनी तोंड पुसलं, कानावरची विडी काढली.

मी दोन पावलं मागे सरले.